समुद्रसपाटीवरच्या गटासाठी हिमालयातलं पहिलं तळं कोणतं?

पारोडेकर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या फोंडा-केपें भागातला आमचा अकरा जणांचा गट आहे, वयं १९ ते ५७. चंद्रनाथ पर्वत आणि सत्तरीतल्या वाटा सगळ्यांच्या पायाखालच्या आहेत, पण ३,००० मीटरच्या वर कुणीच गेलेलं नाही. तंबू, शिधा, स्वयंपाक हे सगळं आपलं आपण करणं जमणार नाही. गाइड, कुक आणि खेचरं असलेलाच ट्रेक हवा.

समोर तीन पर्याय आहेत. मनालीजवळचं भृगू तळं (कमी दिवस, कमी खर्च), काश्मीर ग्रेट लेक्स आणि तारसर-मारसर. बहुमत ग्रेट लेक्सच्या बाजूनं आहे, कारण फोटो. चवथीला घरी असायलाच हवं, म्हणजे जुलै किंवा ऑगस्टची सुरुवात. गटात एकाला बीपीची गोळी चालू आहे.

कुठलं तळं निवडावं, आयोजकाला काय विचारावं आणि इथे बसून तयारी कशी करावी, एवढं सांगा.

सत्तरीचा_वाटाड्या

पारोडेकर, तळ्याची उंची बाजूला ठेवा. आयोजकाकडून एकच तक्ता मागवा: कुठल्या रात्री किती मीटरवर झोपायचं. ट्रेकचा स्वभाव त्या आकड्यांत दिसतो. माहितीपत्रकात 'कमाल उंची' मोठ्या अक्षरांत छापतात, पण खिंडीवर दुपारी अर्धा तास थांबणं वेगळं आणि त्या उंचीवर रात्र काढणं वेगळं. त्रास बहुतेक रात्री वाढतो, कारण झोपेत श्वास मंदावतो.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच जागी काढावी, असा सर्वमान्य नियम आहे. आता तुमचे तिन्ही पर्याय त्यावर घासून बघा (आकडे अंदाजे, तंबू कुठे लागतो त्यावर शंभर-दीडशे मीटर इकडेतिकडे).

भृगू: मनाली २,०५०, पहिला तळ ३,२०० च्या आसपास, दुसरा ३,७५० च्या पुढे, तिसऱ्या दिवशी तळं ४,२३५. चाल सोपी, गवताळ उतार, म्हणून 'नवशिक्यांसाठी' म्हणून विकतात. पण ट्रेनमधून उतरलेला समुद्रकाठचा माणूस तीन-चार दिवसांत चार हजारांवर पोचतो. पायांना सोपा, डोक्याला अवघड असा हा ट्रेक आहे. मनालीत दोन रात्री आधी काढणार असाल तरच विचार करा.

ग्रेट लेक्स: सोनमर्ग २,७००, निचनई ३,५००, विशनसर ३,७००, मग गडसर, सतसर, गंगाबळ सगळे ३,५०० ते ३,७०० मध्ये, शेवटी नारानाग २,२५०. म्हणजे पहिलीच उडी ८०० मीटरची. विशनसरला दोन रात्री ठेवलेल्या असतील तर पुढचं ठीक जातं. पण पहिल्या उडीसाठी सोनमर्गला एक जादा रात्र हवीच, आणि ती बहुतेक कार्यक्रमांत नसते.

तारसर-मारसर: आरू २,४००, लिद्दरवट २,७५०, शेकवास ३,३००, तारसर ३,८००, सुंदरसर ३,९००. पायऱ्या ३५०, ५५०, ५००, १००. तिन्हींत सगळ्यात नीट शिडी हीच. माझं मत तारसरला.

म्हापशेकर

वाटाड्या बाब, थोडा आक्षेप. ग्रेट लेक्स हा दरवर्षी कितीतरी लोकांचा पहिलाच ट्रेक असतो आणि त्यातले बहुतेक धडधाकट परत येतात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचं तर पीर पंजालच्या आड असल्यामुळे काश्मीरला मोसमी पावसाचा मार हिमाचल-उत्तराखंडपेक्षा कमी बसतो, हा मुद्दा ग्रेट लेक्स आणि तारसर दोघांनाही लागू. ८०० मीटरच्या एका उडीसाठी सात तळी सोडायची?

सत्तरीचा_वाटाड्या

बहुतेक परत येतात हे खरं. प्रश्न अकरातल्या एकाला त्रास झाला तर काय, हा आहे. उंचीच्या गंभीर आजारावर खरा उपाय एकच: खाली उतरणं. आता नकाशा बघा.

विशनसर-किशनसरचं पाणी किशनगंगेकडे, म्हणजे उत्तरेला गुरेझच्या बाजूला जातं. सोनमर्गहून तिथे यायला ४,१०० मीटरची निचनई खिंड ओलांडलेली असते. विशनसरला कुणी आजारी पडला तर माघारी फिरताना आधी ४०० मीटर चढायचं आणि मग उतरायचं. गडसरला पोचलात की मागे ४,२०० ची गडसर खिंड आणि पुढे झाजची खिंड. मधल्या दोन-तीन रात्री तुम्ही अशा खोऱ्यात असता जिथून सरळ खाली जाणारी जवळची मोटर-वाट नाही. लष्कराच्या चौक्या आहेत, जवान अडीअडचणीला मदत करतात, पण कार्यक्रम आखताना ती मदत गृहीत धरायची नसते.

तारसरहून मात्र पाणी वाहतं त्याच दिशेला चालत सुटलं की शेकवास, लिद्दरवट, आरू. वाट सगळी उतरती, साधारण वीस किलोमीटर, घोडा जाऊ शकतो, आरूला गाडी उभी. फक्त तारसर ते सुंदरसर या टप्प्यात चार हजारांच्या आसपासची एक धार ओलांडावी लागते. म्हणून नियम असा करायचा: तारसरच्या रात्री ज्याला डोकेदुखीसोबत उलटी किंवा झोकांड्या आहेत, त्यानं सुंदरसरला जायचं नाही.

(मारसर लांबून, वरच्या धारेवरूनच बघतात. तिकडचं पाणी मात्र लिद्दरला न जाता दाचीगामच्या जंगलातून दल सरोवराकडे जातं. शेजारची दोन तळी आणि तोंडं दोन दिशांना!)

म्हापशेकर

हा उतरण्याचा मुद्दा पटला. ग्रेट लेक्सचं माहितीपत्रक वाचताना हे कुठेच दिसत नाही.

बोरीचा_डॉक्टर

बीपीबद्दल आधी. चालू गोळी बंद करायची नाही. उंचीवर पहिले काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो. नियंत्रणात असेल तर ४,००० मीटरचा ट्रेक वर्ज्य नाही, पण आपल्या डॉक्टरला उंची आणि दिवस सांगून विचारा. गोळी बीटा-ब्लॉकर प्रकारची असेल तर चढावर ठोके हवे तसे वाढत नाहीत आणि दम लवकर लागतो. ते सामान्य आहे असं समजून पुढे रेटू नका.

आता सगळ्यांसाठी. ४,००० मीटरवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६१ टक्के उरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी मिळतो. शरीर जास्त श्वास घेऊन भरपाई करतं आणि मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्याला साथ देतात. या दुसऱ्या कामाला दिवस लागतात. फिटनेसनं ते लवकर होत नाही. उलट तरुण, दणकट मुलगा सगळ्यांच्या पुढे धावतो आणि रात्री तोच आडवा होतो. तुमच्या गटात ५७ वर्षांच्या माणसापेक्षा १९ वर्षांच्या पोरावर जास्त लक्ष ठेवा.

साधा उंचीचा त्रास म्हणजे डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, थकवा किंवा चक्कर यातलं काहीतरी. पॅरासिटामॉल, पाणी, जेवण, आणि त्याच उंचीवर थांबणं. बरं वाटेपर्यंत वर चढणं बंद.

घाबरायचं ते दोन गोष्टींना. एक, मेंदूला सूज: माणूस झोकांड्या देतो, बरळतो, बुटाची नाडी बांधायला त्याला जमत नाही. तपासणी सोपी. जमिनीवर सरळ रेषेत टाचेला पंजा लावत तीन मीटर चालायला सांगायचं. तोल गेला की प्रकरण गंभीर. दोन, फुप्फुसांत पाणी: बसल्या जागी दम, कोरडा खोकला, ओठ निळसर, पुढे गुलाबी फेसाळ कफ. हे बहुतेक वर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं. दोन्हींत सकाळची वाट न बघता उतरायचं. निदान ३०० ते १,००० मीटर, किंवा लक्षणं ओसरेपर्यंत. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) वेळ मिळवून देतात, उतरण्याला पर्याय नाहीत.

साखळीची_शमा

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) सगळ्यांनी घ्यायची का? एक आयोजक सक्ती करतो, दुसरा हात लावू नका म्हणतो.

बोरीचा_डॉक्टर

ताई, दोन्ही टोकाचं. तारसरच्या शिडीवर चढणाऱ्या निरोगी माणसाला ती अनिवार्य नाही. भृगूसारखी झपाट्याची चढाई असेल किंवा आधी कधी उंचीचा त्रास झालेला असेल तर उपयोगी. प्रतिबंधासाठी १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बाजारात गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी-अर्धी. चढाईच्या आदल्या दिवशी सुरू करायची. बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा प्यायलात तर बेचव लागतो. हे अपेक्षित आहे. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. पहिली गोळी घरी असताना घेऊन बघा, शेकवासला नको.

ती लक्षणं झाकते हा गैरसमज आहे. ती श्वास वाढवते, म्हणजे शरीर जे करतंय तेच लवकर करवते. झाकायचं काम डेक्सामेथासोन करतं, म्हणून ते घेऊन वर चढू नये.

आणि बॅगेत हुर्राक किंवा फेणी नको. दारूनं झोपेतला श्वास आणखी मंदावतो. झोपेच्या गोळ्यांचंही तेच.

वास्को_ते_बनिहाल

प्रवासाचं सांगतो. श्रीनगरसाठी मोप किंवा दाबोळीहून दिल्ली किंवा मुंबई करून विमान. रेल्वेनं जायचं तर वास्कोहून गोवा एक्सप्रेस किंवा मडगावहून राजधानीनं निजामुद्दीन, तिथून पुढे कटरा. जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर रेल्वे सुरू आहे, त्यामुळे जम्मूहून रस्त्यानं जाण्याची सक्ती संपली. मनालीवाल्यांसाठी मडगावहून चंदीगडपर्यंत संपर्क क्रांती आहे.

रेल्वेनं जाण्यात एक फायदा दिसतो, दोन दिवस मिळतात. पण गाडीत बसून उंचीची सवय होत नाही, फक्त झोप मोडते. श्रीनगर १,५८५ मीटरवर आहे. तिथे एक पूर्ण रात्र ठेवा, विमानतळावरून थेट आरूला पळू नका.

तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. गोव्याचं प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. अकरातल्या निदान चौघांचं, वेगवेगळ्या कंपन्यांचं, आधीच पोस्टपेड करून घ्या. आरू सोडलं की तसंही नेटवर्क मिळेल असं धरून चालू नका. दुसरं, ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इन सामानात, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आणि गॅसचा डबा विमानात कुठेच नाही. तिसरं, सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण कुणा परदेशातल्या नातेवाइकाकडून आणू नका. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच उपकरणामुळे परदेशी प्रवासी अडकले होते.

आणि तिकिटं परताव्याची काढा. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळच्या बैसरनच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं बंद झाली होती. वाट उघडी आहे आणि परवानगी मिळते आहे हे आयोजकाकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका. सगळ्यांकडे मूळ ओळखपत्र आणि दोन झेरॉक्स हवेत.

पारोडेकर

देव बरें करूं सगळ्यांचं. तारसरकडे पारडं झुकतंय. आयोजकाला नेमकं काय विचारू? "ऑक्सिजन आहे का" विचारलं की सगळेच "आहे" म्हणतात.

सत्तरीचा_वाटाड्या

"किती लिटर" विचारा. नळकांड्याची पाणी-क्षमता गुणिले दाब, एवढाच हिशेब. १.७ लिटरचं अॅल्युमिनियमचं नळकांडं १५० बारला भरलेलं असेल तर २५५ लिटर वायू. मिनिटाला २ लिटरनं दोन तास, ४ लिटरनं एक तास. तारसरहून आरूला आजारी माणूस आणायला सहा-सात तास लागू शकतात. म्हणजे एक नळकांडं अपुरं. मोठं, १० लिटरचं, तेवढ्याच दाबाला १,५०० लिटर देतं, पण ते जड असतं आणि खेचरावरच जातं. मग खेचर संध्याकाळी कुठे असतं, गटासोबत की पुढच्या तळावर, हेही विचारा. दुकानात मिळणारे हलके फवारे-डबे मोजूच नका. त्यांत जेमतेम दहा लिटरच्या आसपास वायू असतो, म्हणजे काही मिनिटांचा खेळ.

पुढचे प्रश्न: नळकांड्याचा दाबमापक आणि मास्क गाइड निघण्याआधी दाखवेल का? गाइडनं उत्तरकाशीच्या नेहरू संस्थेतून, मनालीच्या किंवा पहलगामच्या संस्थेतून निदान बेसिक कोर्स केलेला आहे का? वाटेवर तो रोज किती लोकांना सांभाळतो? अकरा जणांना एक मुख्य गाइड पुरत नाही. पुढे एक, मधे एक आणि सगळ्यात शेवटी एक हवा. शेवटच्या माणसाच्या मागे जो चालतो तोच खरा महत्त्वाचा. एखाद्याला खाली न्यायची वेळ आली तर सोबत कोण जाणार आणि उरलेल्यांचं नेतृत्व कोण करणार, याचं उत्तर नावानिशी मिळालं पाहिजे. "बघू तेव्हा" म्हणणारा आयोजक सोडा.

राखीव दिवस आहे का, तेही. पावसानं ओढा फुगला तर तो ओलांडायचा नसतो, थांबायचं असतं. राखीव दिवस नसेल तर परतीचं विमान गाइडला ढकलतं. डोंगरातले ओढे वितळलेल्या बर्फानं दुपारनंतर चढतात आणि पहाटे सगळ्यात कमी असतात. ओढ्याची ओलांडणी सकाळी येईल असा टप्पा आखलेला हवा. शेकवास ते तारसरच्या वाटेवर पाणी ओलांडावं लागतं.

आणि खेचरावर टाकायच्या सामानाचं वजन किती धरलंय, ते. सहसा माणशी ९-१० किलोच्या आसपास मर्यादा असते.

काणकोणचो_दर्यावर्दी

तळ्यात पोहायला देतात का? आम्ही सगळे दर्यात वाढलेले.

बोरीचा_डॉक्टर

नाही, आणि दर्यात वाढलेल्यांनाच जास्त सांगावं लागतं. बर्फाचं पाणी चार-सहा अंशांचं असतं. उडी मारताच पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणी आत. त्यातून वाचलात तरी दहाएक मिनिटांत हात-पाय ऐकेनासे होतात, मग पोहता येणं-न येणं सारखंच. खाऱ्या पाण्याइतकं गोडं पाणी तरंगवतही नाही. वर हवा विरळ, दम आधीच लागलेला. पाय बुडवा, फोटो काढा, पुरे.

सत्तरीचा_वाटाड्या

तोंड धुवायचा साबण, भांडी, काहीही तळ्यात नको. पाणी भांड्यात काढून तळ्यापासून लांब नेऊन वापरा. हिमनदीनं कोरलेल्या खळग्यातलं पाणी फार संथ बदलतं, टाकलेलं तिथेच राहतं.

म्हापशेकर

सामानाबद्दल मी लिहितो, त्यातही आपल्या हवेची खास भानगड.

बूट. बऱ्याच ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो न वापरताही हळूहळू कुजतो. हवेतल्या पाण्यानं त्याची रासायनिक साखळी तुटते. गोव्यात दोन-तीन पावसाळे कपाटात पडलेला बूट वरून नवा दिसतो आणि डोंगरावर दुसऱ्या दिवशी तळवा सोलून हातात येतो. जुने बूट असतील तर तळव्याच्या कडेला अंगठ्यानं जोरात दाबा, बोटांनी वाकवा. बारीक भेगा पडल्या किंवा चुरा निघाला तर टाकून द्या. डिंक लावून चालत नाही, कारण सांधा सुटलेला नसतो, थरच मेलेला असतो. नवे बूट घ्याल तर ट्रेकच्या दोन महिने आधी, अर्धा नंबर मोठे, आणि जाड मोजा घालून मापून. उतारावर पायाची बोटं पुढे आदळली नाहीत पाहिजेत. तरीही प्रत्येक गटात दोन मीटर पॅराकॉर्ड (बारीक मजबूत दोरी) आणि चिकटपट्टी असू द्या.

स्लीपिंग बॅग आयोजक देतात. तिच्यावर दोन तापमानं लिहिलेली असतात, आरामाचं आणि मर्यादेचं. मर्यादेच्या तापमानाला माणूस अंग आखडून कशीबशी रात्र काढतो, आरामात झोपत नाही. आरामाचं तापमान शून्याच्या आसपास किंवा खाली असेल ती मागा. आत घालायला सुती-फ्लीसचं अस्तर इथूनच न्या, स्वच्छही आणि दोन-चार अंश ऊबही.

कपडे: अंगाला चिकटून सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, वर फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट आणि पावसाची पँट. आपल्या मॉन्सूनचा रेनकोट तिथे कुचकामी, कारण आतून घामानं भिजतो. जीन्स आणि कॉटनचे टी-शर्ट नकोत. रात्री तंबूत घालायचे कपडे प्लास्टिक पिशवीत वेगळे, ते दिवसा बाहेर काढायचेच नाहीत. छत्री मात्र न्या, वारा नसताना पोंचोपेक्षा बरी.

काळा चष्मा अतिनील किरण अडवणारा हवा. दर हजार मीटरला अतिनील मारा दहा-बारा टक्के वाढतो. किनाऱ्यावरचा फॅशनवाला चष्मा नको, बाजूनं उजेड आत येतो.

साखळीची_शमा

टॉयलेट टेंट, पाळी, याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून विचारते.

सत्तरीचा_वाटाड्या

ताई, चांगला आयोजक खड्डा खणून वर तंबू लावतो. खड्डा निदान गुडघ्याच्या खालपर्यंत खोल आणि पाण्यापासून साठ मीटर लांब असावा. मातीचा ढीग आणि फावडं आत असतं, वापर झाला की माती टाकायची. ओले टिश्यू आणि पॅड खड्ड्यात टाकायचे नाहीत, थंडीत ते कुजत नाहीत. झिपच्या दोन पिशव्या, वर एक अपारदर्शक, त्यात कोरडी चहाची पूड टाकली की वास दबतो, आणि ते परत श्रीनगरला. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर घरी निदान दोन महिने सवय करून मगच. उंचीवर पाळी पुढे-मागे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी सामान घ्याच.

वास्को_ते_बनिहाल

पाण्याबद्दल राहिलं. वरच्या कुरणांत गुज्जर-बकरवालांची मेंढरं असतात, म्हणून ओढा कितीही स्वच्छ दिसला तरी तसाच पिऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या गार पाण्यात हळू काम करतात, वेळ दुप्पट द्या. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरल्यावर गोठला तर आतले तंतू फुटतात, आणि बाहेरून काही कळत नाही. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. मोबाइल आणि बॅटऱ्यांनाही तिथेच झोपवा.

कुकला भात अर्धाकच्चा का म्हणून ओरडू नका. ३,८०० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरशिवाय डाळ-राजमा शिजत नाही. कुकर नसलेला कुक आढळला तर आयोजकाची परीक्षा तिथेच झाली.

शिरोड्याची_माय

भूक मरते म्हणतात. गोव्यातून काय द्यावं बरोबर?

बोरीचा_डॉक्टर

मरते, पण खाल्लंच पाहिजे, कारण थंडीत आणि चढावर खर्च जास्त. काजू, खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी. काजू साधे भाजलेले घ्या, मसाल्याचे नकोत, तहान वाढते. कोकमाची सुकी सोलं आणि मीठ गरम पाण्यात टाकून प्यायला मळमळीत बरं वाटतं. सुकं बांगडं मात्र तंबूत नको, शेजारचे उठून जातील.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट अख्खं एका लिटरमध्येच. ग्लासात अर्धं पाकीट टाकून पिणारे खूप. गाढ द्रावणानं जुलाब वाढतात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरे. उंचीवर पाणी जितकं जास्त तितकं चांगलं, असं नाही. मिठाशिवाय सात-आठ लिटर ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि लक्षणं उंचीच्या आजारासारखीच दिसतात.

पारोडेकर

आणि सराव? रविवारी चंद्रनाथ पुरेल का? साडेतीनशे मीटरच तो.

सत्तरीचा_वाटाड्या

एकदा चढून नाही पुरणार. सकाळी तोच दोनदा-तीनदा, पाठीवर ६-७ किलो घेऊन. खांद्यांना पट्ट्यांची सवय होते. चढाचा दम वाढवायला धावणं, पाच किलोमीटर ३५ मिनिटांत आरामात जमलं की पुरे. पण गोव्यातले लोक जो भाग गाळतात तो म्हणजे उतार. गुडघा आणि मांडीचा पुढचा स्नायू उतरताना ताणलेल्या अवस्थेत भार घेतो, दुखतो तो तिथे. होमवासहून (सुंदरसरनंतरच्या तळावरून) आरूचा शेवटचा दिवस लांब आणि उतरता. (ग्रेट लेक्सचा गंगाबळ-नारानाग उतार तर बाराशे मीटरचा, एका दिवसात.) पायऱ्या उतरताना धावायचं नाही, प्रत्येक पायरीवर दोन सेकंद थांबत खाली पाय ठेवायचा. पणजीतल्या आल्तिनोच्या पायऱ्या यासाठी उत्तम. आठवड्याला दोनदा, दहा आठवडे.

पावसाळ्यात जांभ्यावरचं शेवाळ म्हणजे साबण. सराव करताना पाय मोडून घेऊ नका. वाघेरी किंवा सोसोगडाच्या बाजूला जाणार असाल तर वन खात्याची परवानगी आधी. सोसोगड गोव्यातला सर्वोच्च, तरी सव्वा हजार मीटरही नाही. तो तुम्हाला उंचीची सवय लावणार नाही, पाय मात्र देईल. दमट उन्हात घाम गाळल्यानं विरळ हवेची तयारी होते, ही समजूतही सोडा.

आल्तिनो_पायरी

मधेच विचारतो, रूपकुंड का नाही कुणी सुचवलं?

वास्को_ते_बनिहाल

ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) रात्री मुक्कामाला बंदी घातली. रूपकुंडचे तळ बेदिनी आणि पुढच्या बुग्यालांवरच लागायचे, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीचा ट्रेक बंद पडला. शिवाय पाच हजारांच्या वर, पहिल्या गटाला नकोच. त्या भागात जायचंच तर हिवाळ्यात ब्रह्मताल, झोपण्याची उंची ३,२०० च्या आसपास. पण तेव्हा बर्फ, मायक्रोस्पाइक (बुटाला लावायचे काटे) आणि उणे दहा. गंगोत्रीचा केदारताल तर आणखी पुढचा: गंगोत्री ३,०५० हून दोन रात्रींत ४,२००, मग तळं ४,७५०. नवशिक्यांनी त्याचे फोटोच बघावेत.

पारोडेकर

ठरलं, तारसर. जुलैचा दुसरा पंधरवडा, श्रीनगरला एक रात्र, आरूला दोन. शेवटचा प्रश्न: पल्स ऑक्सिमीटर गटात किती घ्यावेत आणि कुठल्या आकड्याला थांबायचं?

बोरीचा_डॉक्टर

दोन पुरेत, एकाची बॅटरी संपते. आरूला आणि शेकवासला रोज एकाच वेळी, दहा मिनिटं शांत बसून, बोट हातमोज्यात गरम करून मोजा. नेलपॉलिश काढलेलं हवं, ऊन बोटावर पडता नये. ३,८०० मीटरला ८० ते ९० मधला कुठलाही आकडा निरोगी माणसात दिसू शकतो, त्यामुळे ८४ बघून घाबरू नका आणि ९० बघून डोकेदुखी दुर्लक्षित करू नका. लक्ष द्यायचं ते गटातले बाकी दहा ८७ च्या आसपास असताना एकच ७४ वर असेल तेव्हा. त्याला टाचेला पंजा लावून चालवा, बसल्या जागी मिनिटात किती श्वास घेतो ते मोजा, आणि आकडा दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. पंचवीस-तीसच्या वर श्वास आणि खोकला असेल तर तो त्याच संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, शेकवासला खाली. सोबत एक गाइड आणि गटातला एक माणूस.